तुम्ही विचारलंत म्हणून: रात्रीच्या कामाला सोलर कशाला?

उघड्यावरच्या कला महोत्सवांत कलाकारांच्या कामांना मी सोलरवर वीज पुरवते. "ताई, काम रात्री बघायचं, मग सोलर कशाला? कोपऱ्यात एक जनरेटर टाकला की झालं ना." हे मला आयोजक विचारतात, डेकोरेटर विचारतात, कलाकारांचे आईवडील विचारतात, आणि मागे एकदा माझ्या आतेभावानं विचारलं, तो स्वतः वायरमन आहे. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच, की बॅटऱ्या शेवटी घरच्या लाईटवरच चार्ज करत असाल, मग हे सगळं दाखवण्यापुरतंच ना. आजवर प्रत्येकाला उभ्या उभ्या उत्तर दिलं आणि दर वेळी अर्धंच दिलं गेलं, म्हणून आता नीट बसून लिहितेय.

आधी सोपं उरकते. पॅनेल दिवसा बॅटरी भरतं, बॅटरी रात्री काम चालवते. उघड्यावरच्या कला महोत्सवात एका इन्स्टॉलेशनला, म्हणजे मैदानात मांडलेल्या कलाकृतीला, लागते तरी किती वीज? पडद्यावर प्रोजेक्शन असेल तर गोष्ट वेगळी, प्रोजेक्टर तीनचारशे वॅट सहज खातो, मोटर असेल तर सुरू होताना ती जो झटका घेते तो वेगळाच धरावा लागतो. पण बहुतेक कामं म्हणजे एलईडी आणि छोटा ॲम्प्लिफायर, शंभर-सव्वाशे वॅट. संध्याकाळी सहा ते अकरा चाललं तरी अर्धा-पाऊण युनिट. दोनशे वॅटची दोन पॅनेलं आपल्याकडच्या हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात त्याच्या दुप्पट देतात, आणि साठवायला १०० अँपिअर-अवरची, म्हणजे सव्वा युनिट साठवणारी एक लिथियम बॅटरी, बारा-तेरा किलोची, मी एकटी उचलते. जुन्या ट्युब्युलर बॅटऱ्या पन्नास किलोच्या पुढं होत्या आणि वारंवार अर्ध्याच्या खाली उतरवल्या की आयुष्य घटायचं त्यांचं.

आता याच अर्ध्या युनिटासाठी डेकोरेटर आणतो पंधरा केव्हीएचा, म्हणजे बारा हजार वॅटांच्या आसपासचा जनरेटर, कारण तेवढाच त्याच्याकडं असतो आणि त्याच्या पॅकेजमध्ये तो आधीच धरलेला असतो. चहाच्या कपासाठी हंडाभर पाणी तापवावं तसं आहे हे. लोड असो नसो, इंजिन फिरत ठेवायला तासाला लिटरभर डिझेल तरी जातंच. पाच तासांचे पाच लिटर, आणि एक लिटर डिझेल जळलं की जवळपास २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे अर्ध्या युनिटापायी तेरा किलोच्या वर. शिवाय इतक्या हलक्या लोडवर चालवून चालवून इंजिनही खराब होतं, अर्धवट जळालेलं डिझेल सायलेन्सरमध्ये साचतं, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. आणि त्या मशीनपाशी जो पोरगा बसवलेला असतो तो रात्रभर त्याच धुरात चादर डोक्यावरून घेऊन झोपतो, त्याचा हिशोब कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो.

मान्य, दहा कामं एकाच जनरेटरवर टाकली तर आकडे बदलतात. पण मग मैदानभर केबल, त्यावरून लोकांची पावलं, आणि पहाटेचं दव, म्हणजे शॉकची भीती.

आता कबुली. हो, चारसहा ढगाळ दिवस आले तर मी बॅटऱ्या प्लगवर चार्ज करते, आणि आपल्या प्लगातली वीज मोठ्या प्रमाणात कोळशाची आहे हे मला ठाऊक आहे. हो, पॅनेलं आणणारा टेम्पो डिझेलवर चालतो. जिथं जवळच्या खांबावरून रीतसर तात्पुरतं कनेक्शन मिळतंय तिथं मीच सांगते की ते घ्या, माझ्याकडून काही घेऊ नका. काळा घोडा महोत्सव १९९९ पासून मुंबईत भर फोर्टात भरतोय, चारी बाजूंनी बेस्टची वीज आहे, तिथं आणि नदीकाठच्या मोकळ्या मैदानात एकच उत्तर कसं चालेल? लोक मला बर्निंग मॅन या महोत्सवाचं उदाहरण देतात, अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात बघा कसं सोलर करतात म्हणून. करतात, तिथं २००७ च्या महोत्सवातून ब्लॅक रॉक सोलर नावाची संस्थाच उभी राहिली होती, आणि २०३० पर्यंत कार्बन निगेटिव्ह व्हायचं, म्हणजे सोडतो त्याहून जास्त कार्बन हवेतून काढायचा, असं बर्निंग मॅनवाल्यांनी २०१९ मध्ये जाहीर केलं होतं. पण त्यांच्याही हिशोबात सगळ्यात मोठा वाटा वाळवंटात येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांच्या प्रवासाचा आहे. त्यामुळं माझ्या चार पॅनेलांनी हवामान सुधारेल असं मी म्हणत नाही, कधी म्हटलंही नाही. मग कशासाठी? त्यासाठी एक गोष्ट सांगायला लागेल, ती मी सहसा सांगत नाही.

एका कला महोत्सवात, नाव नको, जानेवारीत, नदीकाठचं मैदान. एक शिल्पकार मुलगी, कोल्हापूरकडची, तिनं गावोगाव फिरून चोवीस जुनी दळायची जाती जमवली होती. मैदानावर ती गोलात मांडायची, प्रत्येक जात्याचा वरचा दगड पाचरीनं बोटभर उचलायचा आणि त्या फटीतून आतला उजेड बाहेर सांडेल असा दिवा बसवायचा. गोलाच्या आत लपवलेले छोटे स्पीकर, त्यावर तिनं स्वतः रेकॉर्ड केलेल्या बायकांच्या ओव्या, आवाज इतका बारीक की खाली बसल्याशिवाय शब्द लागायचे नाहीत. ते तिनं मुद्दाम ठेवलेलं. जात्यापाशी बसूनच ऐकायची गोष्ट आहे ती, उभ्यानं ऐकायची नाही, असं तिचं म्हणणं.

आधी तिनं दहा वॅटचे दिवे धरले होते. माझ्या घरच्या गॅलरीत आम्ही दोघी एक जातं घेऊन अंधारात बसलो आणि मी एकेक पायरी उजेड कमी करत गेले. डोळ्याचं असं असतं की निम्मी वीज केली तरी उजेड निम्मा झालाय असं वाटतच नाही. चार वॅटवर ती म्हणाली, थांब, आता दगडावरचे छिन्नीचे टाके दिसायला लागले, मघाशी नुसताच पांढरा झोत होता. हा माझ्या कामातला सगळ्यात आवडीचा भाग. चोवीस गुणिले चार, वर ॲम्प्लिफायरचे पंधरा वॅट, सगळं एका बॅटरीत बसत होतं. पॅनेलांची जागा आयोजकांच्या नकाशावर सही करून ठरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर पॅनेलांच्या दक्षिणेला प्रायोजकांची कमान उभी. वीस फूट उंच, दोन्ही बाजूंना लांबच लांब फ्लेक्स. जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, वीस फुटांची सावली भर दुपारीसुद्धा पंधरा-सोळा फूट उत्तरेला पडते, म्हणजे बरोबर माझ्या पॅनेलांवर. आणि पाव पॅनेल सावलीत तर पाव वीज कमी असा सरळ हिशोब नसतो, आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात, थोड्या सावलीनंही मोठा तुकडा बंद पडतो. मी ऑफिसात गेले, नकाशा दाखवला. कमान हलणार नाही. बरं, पॅनेलं वीस फूट सरकवते. तिथं फायर ब्रिगेडच्या गाडीचा रस्ता. त्या पलीकडं? स्टॉल विकले गेलेत. सगळे गोड बोलत होते, "मॅडम, करू काहीतरी," आणि रोज संध्याकाळी बॅटरी आदल्या दिवशीपेक्षा खाली होती.

चौथ्या संध्याकाळी साडेसातला, गर्दी नुकती जमायला लागलेली, बॅटरीनं स्वतःहून सप्लाय तोडला. दहा मिनिटांत आयोजकांचा माणूस जनरेटर घेऊन हजर, म्हणजे तो आधीच सांगून ठेवलेला होता. गोलापासून पंधरा फुटांवर लावला. सायलेंट होता, पण सायलेंट म्हणतात त्यालाही एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत मुभा असते आणि आपण दोघं बोलतो ते साधारण ६०. दिवे लागले, जाती झकास दिसायला लागली, लोक फोटो काढायला लागले, आणि ओवी एकही ऐकू येईना. मी एका जात्यापाशी गुडघ्यावर बसले, स्पीकरला कान लावला, तरी नुसती घरघर.

मी म्हटलं, बंद करा. तो माणूस म्हणाला, मॅडम तुमचं सोलर बंद पडलंय, आम्ही वाचवतोय. मी तिच्याकडं बघितलं. ती काहीच बोलेना, मग म्हणाली, बंद करा, दिवे नकोत, माझ्याकडं स्कूटीची बॅटरी आहे, त्यावर नुसता आवाज चालेल. आणि चालला. पंधरा वॅटच ते. काळोखात चोवीस जाती आणि ओव्या. काही जण बसले. पुष्कळ जण "बंद पडलंय वाटतं" म्हणत पुढं गेले. साफसफाईच्या कामावरची एक मावशी बराच वेळ खाली बसून होती, मग तिला मुकादमानं हाक मारली.

त्या रात्री मी लॉजवर बॅटरी प्लगला लावली. ज्यांना "दाखवण्यापुरतं" म्हणायचंय त्यांनी ही रात्र खुशाल धरावी. पुढचे दिवस तसंच निभावलं, दिवसा लॉजवर चार्ज, संध्याकाळी मैदानावर. पण साहित्य आवरताना ती जे बोलली ते अजून जात नाही. "ताई, तुझं तत्त्व वाचलं. माझं काम एक रात्र कुणाला दिसलं नाही." मी म्हटलं, बंद करायचं तूच म्हणालीस. ती म्हणाली, तू आधी म्हणालीस.

खरंय, आधी मीच म्हणाले होते. आणि आजही मला वाटतं की बरोबर म्हणाले होते, ओव्या ऐकू न येणारं ते काम तिचं नव्हतंच. पण हे ठरवायचा हक्क कुणाचा? हे काम सुरू केलं तेव्हा मी सगळ्यांना छातीठोक सांगायचे की कलाकारानं काही म्हणजे काही बदलायचं नाही, वीज कुठून आणायची ते मी बघते. आता तसं बोलवत नाही, कारण वीज मोजून मिळाली की काम बदलतंच. चार वॅटवर दगडाचे टाके दिसले तेही मोजल्यामुळंच, आणि एक रात्र अंधारात गेली तीही मोजल्यामुळंच. पहिलं मी सगळ्यांना कौतुकानं सांगते, दुसरं सांगत नाही. तरी तेव्हाची मी पूर्ण चुकीची होते असंही वाटत नाही, ती निदान कलाकाराच्या बाजूनं उभी होती.

तर जनरेटर का नाही, याचं माझं उत्तर डिझेलच्या आधी त्या घरघरीपाशी आहे. ज्या कामाला शांतता लागते, अंधार लागतो, ज्याच्यापाशी जाऊन बसावं लागतं, त्याच्या शेजारी इंजिन ठेवलं की ते दुसरंच काहीतरी होतं. हे कोटेशनमध्ये कुठल्या रकान्यात लिहायचं मला कळत नाही, आणि आयोजक रकान्याबाहेरचं वाचत नाहीत. जिथं ढोलताशा आहे, स्टेजवर बँड आहे, तिथं हा मुद्दा लागू होत नाही, तिथं परत ते तेरा किलोचं गणित घेऊन भांडायचं.

यंदा त्या शिल्पकार मुलीचा फोन आला, नवीन काम आहे, परत उघड्यावर. कमान कुठं, फ्लेक्स कुठं, हे लेखी मिळाल्याशिवाय जाती काय साधी वीटसुद्धा टेम्पोत चढवणार नाही म्हणाली. एक बॅटरी जादा धर, तिचं भाडं मी देते, हेही म्हणाली. मग मी विचारलं, जनरेटर कुठल्याही परिस्थितीत लावायचा नाही असं आयोजकांना पत्रात टाकूया का? बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, ते नको टाकूस, त्या त्या वेळी बघू. मी पत्रात टाकलेलं नाही. टाकायला हवं होतं असं मला रोज एकदा तरी वाटतं.