हळदीची कॅप्सूल केसपेपरवर चढवताना

रक्त पातळ करणारी गोळी घरात कुणाला चालू असेल तर एक करा. हळदीच्या, लसणाच्या, अश्वगंधाच्या ज्या काही डब्या असतील त्या पिशवीत घालून ओपीडीत न्या. नुसतं नाव सांगू नका, डबी टेबलावर ठेवा. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर डोक्याचा ताप वाचला असता.

अण्णांच्या हृदयात मायट्रल झडपेच्या जागी मेकॅनिकल वॉल्व्ह, म्हणजे कृत्रिम झडप आहे. रोज संध्याकाळी रक्त पातळ करणारी अ‍ॅसेनोकूमरॉल, सांगितलेल्या तारखेला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा; वाढला की रक्तस्रावाची भीती), तो २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा. यात कधी अडचण आली नाही. अडलं ते गुडघ्यावर. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या या औषधाबरोबर चालत नाहीत, म्हणून दादाने पुण्याहून कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या मुख्य घटकाच्या कॅप्सूल आणल्या. अण्णा खूश. सगळी नोकरी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर झालेली, हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं पाहिलेली. "मला हळद कोण शिकवणार?" मी डबी कपाटात कुलपात टाकली आणि म्हटलं, विचारून येते, मग घ्या.

विचारायचं कुणाला, इथेच सगळं अडलं.

ओपीडीच्या फॉर्मवर 'चालू औषधे' असा रकाना आहे. त्यात कॅप्सूलचं नाव लिहिलं तर काउंटरवरच्या मुलीने खोडलं. "डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचंच लिहायचं." ही चिठ्ठीवर नाही, पण पोटात तर जाणार ना? "मग ते औषध नाही, मॅडम." गंमत म्हणजे डबीवरही तेच छापलेलं: औषधी वापरासाठी नाही. कायद्याने हे अन्नात मोडतं, परवाना एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा. म्हणजे औषधांच्या यादीत बसत नाही, आणि आहाराचं विचारणारा रकाना फॉर्मवर नाहीच.

केमिस्ट म्हणाला, बिनधास्त द्या, भरपूर जातात. वैद्यांनी निदान आयएनआर किती ते विचारलं, मग म्हणाले की हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. पुन्हा ओपीडी, पुन्हा नंबर. आत ज्युनियर डॉक्टर. मान वर न करता, "हळद ना? खाऊ दे की." त्यांनी उत्तर दिलं ते आमटीतल्या हळदीचं. माझा प्रश्न डबीचा होता. बाहेर बाकावर बसून मी इतकी चिडले होते की फोनवर हिशेबच मांडला.

हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम हळदीत ९० मिलिग्रॅमच्या आसपास. डबीवर लिहिलेलं: ५०० मिलिग्रॅम अर्क, ९५ टक्के कर्क्युमिनॉइड (कर्क्युमिन आणि त्याच्यासारखेच घटक), दिवसाला दोन. म्हणजे रोज दहा चमचे हळद! वर मिरीतलं पायपरिन घातलेलं. १९९८ साली बंगळुरूमधल्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर माणसाच्या रक्तात कर्क्युमिन सुमारे वीस पट पोचलं होतं. तीच गोष्ट डब्यांवर जाहिरात म्हणून छापतात. पण पायपरिन यकृतातली औषधं निकाली काढणारी यंत्रणाही मंदावू शकतं, हे कुठल्या डबीवर वाचलंय का?

पुढच्या वेळी मी मोठ्या डॉक्टरांची वेळ मागितली आणि बोलण्याआधी डबी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली, चष्मा काढला. म्हणाले, कर्क्युमिन स्वतःच प्लेटलेट्सचं (रक्त गोठवणाऱ्या पेशींचं) चिकटणं कमी करू शकतं, त्यात मिरी, त्यात आपली गोळी. नको. न्यूझीलंडच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये अशीच एक नोंद जाहीर केली होती: वॉरफरिन हे असंच रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्या रुग्णाने हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि आयएनआर १० च्या वर गेला. मी म्हटलं, हे केसपेपरवर लिहून द्या. दिलं. 'कर्क्युमिन + पायपरिन देऊ नये', खाली सही. तो कागद घेऊन काउंटरसमोरून जाताना जरा जास्तच ताठ चालले, कबूल आहे.

आता आठवेल तसं. कॅप्सूल आधीच चालू असेल तर आपल्या मनाने बंदही करू नका. बंद केल्यावर आयएनआर खाली येऊ शकतो, आणि वॉल्व्हवर गुठळी होण्याची भीती तिथेच असते. डॉक्टरांना सांगून, तपासणी करूनच. स्वयंपाकातली हळद चालू राहू द्या. पालेभाज्यांसारखंच, प्रमाण रोज साधारण सारखं हवं. काळी शौच, हिरड्यांतून रक्त, कारण नसताना काळेनिळे डाग, अचानक जबर डोकेदुखी दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी. दात काढायला जाताना दातांच्या डॉक्टरांनाही डबी दाखवा. आणि हे फक्त हळदीचं नाही: शुगरच्या गोळ्यांबरोबर कारल्याचा रस, बीपीच्या गोळ्यांबरोबर ज्येष्ठमध, हेही विचारूनच. त्रास झालाच तर तो दुष्परिणाम नोंदवायला १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल फ्री नंबरवर कळवता येतं.

गुडघ्याला सध्या शेक आणि फिजिओथेरपी. अण्णा कुरकुरतात. पॅरासिटामॉलसुद्धा रोज सलग घेतली तर आयएनआर वाढू शकतो, म्हणून किती आणि किती दिवस तेही त्याच केसपेपरवर लिहून घेतलंय.