एका जे साठी एवढं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. विम या टेक्स्ट एडिटरमध्ये जे (j) दाबला की कर्सर खाली जातो, मग त्या कीवर एक्सप्रेशन (की दाबल्यावर काय करायचं ते त्या क्षणी ठरवणारं सूत्र) कशाला, सरळ जीजे (gj, स्क्रीनवरची एक ओळ खाली नेणारी आज्ञा) मॅप करून, म्हणजे त्या कीला जोडून, मोकळी का होत नाहीस?

कारण मी लेख लिहिते हो, कोड नाही. माझा अख्खा परिच्छेद म्हणजे फाइलमधली एकच ओळ, स्क्रीनवर तीच सहा-सात ओळींत मोडलेली दिसते. साधा जे मारला की थेट पुढच्या परिच्छेदात. जीजे केलं की ते दुखणं जातं, पण मग कडेचे रिलेटिव्ह नंबर (कर्सरपासून ओळ किती दूर ते सांगणारे) बघून ५जे, म्हणजे पाच ओळी खाली, मारायचं आणि पोचायचं भलतीकडेच, नंबर फाइलच्या ओळी मोजतात, जीजे स्क्रीनच्या. एक्सप्रेशन बघतं फक्त आधी आकडा दाबलाय का. दाबला असेल तर जे, नसेल तर जीजे. बस.

खरा त्रास एन्टरने दिला. यादीत "१." असलेल्या ओळीवर एन्टर मारला की खाली "२." यावं, एवढीच इच्छा. फंक्शन लिहिलं, त्यातच अपेंड करून नवी ओळ घातली, मॅपला एक्स्प्र (एक्सप्रेशनचा मॅप करणारा शब्द) लावलं, आणि एरर आली, ई५६५. मजकूर बदलायची परवानगी नाही. माझीच फाइल, माझीच की, आणि परवानगी नाही! बरं, तेच फंक्शन खालच्या कमांड लाइनवरून कॉल करून हाताने चालवलं की व्यवस्थित चालायचं, त्यामुळे संशय प्लगिनांवर, एकेक काढून बघितलं, काही फरक नाही. हेल्पमध्ये स्वच्छ लिहिलंय, पण ते चिडल्यावर कोण वाचतं. की दाबली की विम एक्सप्रेशनला फक्त विचारतं, "कुठल्या की दाबल्या असं समजू?" त्या वेळी मजकुराला कुलूप असतं. आपण स्वतः काही करायचं नाही, कींची स्ट्रिंग परत द्यायची. मग एन्टर, आकडा, टिंब असं परत दिलं. एरर गेली आणि प्रत्येक ओळीवर इंग्रजी एक यायला लागला, कारण मजकुराचा आकडा करणाऱ्या एसटीआरटूएनआर फंक्शनला देवनागरी आकडे कळतच नाहीत, ते शून्य देतं, त्यात मी एक मिळवत होते. एका अक्षराच्या जागी दुसरं घालणाऱ्या टीआर फंक्शनने आकडे आधी इंग्रजी आणि शेवटी परत देवनागरी केले तेव्हा कुठे जमलं.

पूर्वी मीच भांडायचे की कीने कायम एकच काम करावं, बोटांना विचार करायला लावू नये. ती बाई, म्हणजे तेव्हाची मी, अगदीच चूक नव्हती. मॅक्रोमध्ये (रेकॉर्ड करून परत परत चालवायच्या कींच्या मालिकेत) रेकॉर्ड होतो तो नुसता एन्टर, चालवताना एक्सप्रेशन त्या ओळीपुरतं नव्याने ठरवतं, आणि मधेच एखादी ओळ आकड्याने सुरू झाली की मॅक्रो भरकटतो. तेव्हा शिव्या घालते. पण मॅप काढत नाही, आणि जे बद्दल तर आता विचारूच नका.