एटकेनसाहेबांच्या मागावर : तिसरी नोंद, उरण

या मालिकेतली साताऱ्याची नोंद वाचून दोघातिघांनी विचारलं, हे एटकेन कोण? एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, पक्ष्यांवर लिहिणारे ब्रिटिश काळातले अधिकारी. जन्म साताऱ्याचा, १८५१ सालचा. वडील स्कॉटिश मिशनरी. काही वर्षं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवलं आणि १८७६ साली मीठ-जकात खात्यात शिरले. लिखाणाखाली सही फक्त 'ई.एच.ए.'. मुंबईत १८८३ साली बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, निसर्ग अभ्यासकांची संस्था) सुरू करणाऱ्या आठ जणांपैकी हे एक.

मिठाच्या साहेबाला एवढे पक्षी भेटले कधी, हे मला कोडं होतं. खाराघोडा, कारवार, रत्नागिरी अशा त्यांच्या बदल्या झाल्या, उरणही त्यातलंच. गेले दोन रविवार तिथल्या बांधांवर पायपीट केली आणि कोडं सुटलं. मिठागर म्हणजे उथळ पाणी आणि चिखल. पाणपक्ष्यांना आणखी काय हवं!

पहिल्या रविवारी कॅमेऱ्याची बॅटरी बसली. चिडचिड झाली, पण बरंच झालं. साहेबांचं मुंबईच्या पक्ष्यांवरचं पुस्तक १९०० सालचं; त्यात पक्ष्याचा स्वभाव आणि वागणं इतकं रंगवलेलं असतं की शेजाऱ्याविषयी वाचतोय असं वाटतं. म्हटलं, आपणही तसंच करू. वहीत आधी वागणं, रंग नंतर.

शेकाट्यासमोर, म्हणजे त्या लांब पायांच्या पाणपक्ष्यासमोर, लिहिलं : 'नव्या धोतराला चिखल लागणार नाही अशा बेताने पाय उचलतो.' हे सोपं होतं. खरी परीक्षा तुतारीची, म्हणजे चिखलात चरणाऱ्या छोट्या पाणपक्ष्यांची. सगळ्या मेल्या करड्या-तपकिरी, रंगावरून तीन हिवाळे घोटाळा चाललाय. यावेळी दुर्बीण लावून नुसता बसलो. एक जण थांबला की पार्श्वभाग सारखा वरखाली, आणि उडाला की पाण्याला लागून, पंख अर्धेच थरथरवत. सामान्य तुतारी! पिसांचं एकही चित्र न उघडता पहिल्यांदाच खात्रीने लिहिलं.

दिसलेल्या पक्ष्यांची यादी आता ४१ वर. साहेबांच्या काळी मुंबईत नेहमीची असलेली गिधाडं मात्र माझ्या तक्त्यात कोरीच आहेत. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांचं मढं खाऊन गिधाडं मरत; ते जनावरांना देण्यावर २००६ साली बंदी आली, तोवर ती जवळजवळ संपली होती. ती ओळ मी खोडलेली नाही.

पुढची फेरी कारवार. काळी नदीच्या मुखाकडे सकाळी बसायला चांगली जागा कुणाला माहीत असेल तर सांगा. भरतीची वेळ मी बघून ठेवतो.