गळतीचं खापर वरच्या फ्लॅटवर फोडण्याआधी

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांत छताला ओल दिसली की पहिलं बोट वरच्या घराकडे जातं. वर भाडेकरू असतील तर विचारायलाच नको. फ्लॅट नंबरासकट फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो, कमिटीचं पत्र जातं, आणि वरचा माणूस वैतागून बाथरूम फोडायला काढतो. दोष तिथे नसेल, तर धड असलेलं वॉटरप्रूफिंग उखडलं जातं आणि घाईच्या कामातून नवी गळती सुरू होते. मूळ गळती तोवर स्लॅबमधल्या सळ्या गंजवत राहते.

पाणी टपकतं तिथेच ते शिरलेलं असतं असं नाही. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन वर विटांचा कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा भराव, भरलेला असतो. तो पाणी धरून ठेवतो, म्हणून वापर बंद केल्यावरही काही दिवस ठिबकणं चालूच राहतं. गच्चीतलं पाणी वायरिंगच्या पाइपातून वाहत जाऊन पंख्याच्या हुकाशी उतरतं. असं दिसलं तर आधी त्या लाइनचा एमसीबी (वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच) खाली करा.

मग आठवडाभर वेळा लिहून ठेवा. ओल फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीचा सज्जा, गच्ची तपासा. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे त्या अंगाच्या भिंती आधी. ऊन पडल्यावर भेगांवर नळीने पाणी मारायचं, पण खालून वर, टप्प्याटप्प्याने; वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही. ठिबकणं दिवसरात्र सारखं असेल किंवा पाणी सुटल्यावर वाढत असेल, तर भिंतीतली नळाची लाइन. नळ सगळे बंद ठेवून प्लंबरने दाब दाखवणाऱ्या गेजच्या पंपाने दाब दिला की काटा उतरतो का ते बघायचं; उतरला तर लाइन गळतेय.

आंघोळी-धुण्यानंतर वाढत असेल, तरच वरच्या बाथरूमची परीक्षा. नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतलं पाणी जायचं जाळीचं भोक) कापडाचा घट्ट बोळा बसवा, फरशीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी भरा (उंबरठा त्याहून उंच हवा), पेन्सिलने खूण करा, 24 तास थांबा. पाण्यात खायचा निळा रंग घाला. लाल नको, गंज आणि विटांमुळे खाली येणारं पाणी एरवीही तांबूस असतं. खाली काहीच वाढलं नाही तर बोळा काढा आणि पाणी जाऊ द्या. तेव्हा ठिबकलं तर ट्रॅप किंवा त्याचा सांधा. आधीच ठिबकलं तर टाइल्सच्या फटी. कोब्यामुळे उशीर होऊ शकतो, म्हणून निकाल त्याच संध्याकाळी देऊ नका.

हे सगळं वरच्यांनी दार उघडलं तरच होतं. दोषी ठरवलेला माणूस दार उघडत नाही, हे मी कमिट्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. पत्रात "तुमच्यामुळे गळतंय" नको. "छताला ओल आहे, तपासणीसाठी दोन दिवस हवेत" एवढंच लिहा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (मॉडेल बायलॉज) पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, घरातल्या टॉयलेट-सिंकची त्या सभासदाने. म्हणजे कारण ठरेपर्यंत बिल कोणाच्याच नावावर टाकता येत नाही.

आरोप होऊन गेला असेल आणि कारण दुसरंच निघालं, तर ग्रुपवर फ्लॅट नंबर टाकून तसा स्पष्ट खुलासा करा, आणि फोडलेल्या टाइल्सचा खर्च कोण देणार ते पुढच्या सभेत लेखी ठरवून घ्या.