बिलिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स: एकरकमी घ्यावं की महिन्याला भरत राहावं?

होस्टिंगचा, म्हणजे लोकांच्या वेबसाइट आपल्या सर्व्हरवर ठेवायचा, छोटामोठा धंदा करणारे दोनचार जण बोलायला लागले की गाडी थोड्या वेळात बिलिंग पॅनलच्या (ग्राहक, बिलं, वसुली सांभाळणारं सॉफ्टवेअर) लायसन्सवर येतेच, आणि मग कोणीतरी उसासा टाकून म्हणतं, "पूर्वी बरं होतं राव, एकदाच पैसे टाकले की विषय संपला." मला हे पटत नाही, कारण विषय तेव्हाही संपत नव्हता, फक्त बिल वेगळ्या नावाने यायचं.

ओन्ड लायसन्समध्ये काय मिळायचं ते आधी बघू. एकरकमी पैसे, त्यात साधारण पहिल्या वर्षाचा सपोर्ट आणि अपडेट्स, आणि पुढे अपडेट्स हवे असतील तर दर वर्षी रिन्यूअल. रिन्यूअल नाही केलं तर सॉफ्टवेअर बंद पडत नाही, पण तुम्ही ज्या व्हर्जनवर आहात तिथेच राहता. लीज्डमध्ये महिन्याला किंवा वर्षाला भाडं, अपडेट्स त्यातच, आणि भाडं थकलं की लायसन्स सस्पेंड, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप इन्व्हॉइस बनवणारं काम (क्रॉन) पण बोंबललं.

आता हिशोब. आकडे मी सोयीसाठी धरलेले आहेत, कुठल्या कंपनीचे नाहीत. समजा ओन्ड ३०० डॉलर आणि दुसऱ्या वर्षापासून रिन्यूअल ६० डॉलर, आणि लीज महिन्याला १५. पहिल्या वर्षी ओन्डवाला ३०० देतो आणि लीजवाला १८०. दुसऱ्या वर्षाअखेर दोघांचे ३६०-३६०, बरोबरी. तिथून पुढे ओन्डवाला दर वर्षी १२० वाचवतो. बहुतेक लोकांचा हिशोब इथेच थांबतो, "दोन वर्षं टिकणार असशील तर ओन्ड घे" म्हणून मोकळे. पण यात धरलंय काय, तर धंदा दोन वर्षं टिकेल, रिन्यूअलचा दर तोच राहील, आणि विकणारा पाच वर्षांनीही तेच लायसन्स चालू ठेवेल. पहिली गोष्ट थोडीफार तुमच्या हातात आहे, बाकीच्या दोन अजिबात नाहीत.

रिन्यूअल टाळून जुन्या व्हर्जनवर बसून राहू असं कोणी म्हणत असेल तर ते दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरला चालेल, बिलिंगला नाही, कारण बिलिंग पॅनल एकटं जगतच नाही. खाली पीएचपी (ज्या भाषेत ते लिहिलेलं असतं), बाजूला पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा), पलीकडे वेबसाइटची नावं नोंदवणाऱ्या डोमेन रजिस्ट्रारचा एपीआय (सॉफ्टवेअर जोडायची सोय), सर्व्हरचं कंट्रोल पॅनल, आणि यातलं प्रत्येक जण आपापल्या वेळापत्रकाने बदलत असतं, तुमचं रिन्यूअल झालंय का हे कोणी विचारत नाही. पीएचपी ५.६ चा सिक्युरिटी सपोर्ट २०१८ च्या डिसेंबरअखेर संपला, ७.४ चा नोव्हेंबर २०२२ मध्ये. त्यात डब्ल्यूएचएमसीएससारख्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या फाइल्स आयनक्यूब नावाच्या टूलने एनकोड केलेल्या, म्हणजे कोड वाचता येणार नाही अशा कुलूपबंद, आणि जुन्या पीएचपीसाठी एनकोड केलेली फाइल नव्या पीएचपीवर चालेलच असं नाही, शिवाय त्या फाइल्स उघडणारा लोडरही त्या व्हर्जनचाच लागतो (आयनक्यूबने तर पीएचपी ८.० सोडूनच दिलं आणि थेट ८.१ ला सपोर्ट दिला). कोड उघडा असता तर एखाद्याने रात्र जागून दुरुस्त केला असता, इथे आतलं काही दिसतच नाही.

गेटवेचं तर विचारूच नका. कार्ड पेमेंटच्या पीसीआय नियमांनी जुनं टीएलएस १.० (कनेक्शन एनक्रिप्ट करायची पद्धत) सोडायला ३० जून २०१८ ची मुदत दिली होती. सप्टेंबर २०१९ पासून युरोपात कार्डवाल्या ग्राहकाची जास्तीची ओळख पटवण्याचा नियम आला आणि जुनी गेटवे मॉड्यूल्स कुचकामी व्हायला लागली. आणि सिक्युरिटी वेगळीच, ऑक्टोबर २०१३ मध्ये डब्ल्यूएचएमसीएसमधलं एसक्यूएल इंजेक्शनचं (डेटाबेसमध्ये बाहेरून घुसता येणारं) भोक उघड्यावर आलं तेव्हा ज्यांनी पॅच लगेच टाकला नाही त्यांचा पूर्ण ग्राहक डेटाबेस टांगणीला होता. नाव, पत्ता, सर्व्हरचे पासवर्ड, सगळं ज्या एका जागी असतं ते सॉफ्टवेअर अपडेटशिवाय चालवायचं म्हणजे स्वतःहून संकट बोलावणं. थोडक्यात रिन्यूअल कागदावर ऐच्छिक, प्रत्यक्षात सक्तीचं, म्हणून ओन्डवालाही भाडेकरूच, फक्त त्याने डिपॉझिट मोठं भरलंय आणि भाडं कमी आहे.

आणि हो, ओन्ड असलं तरी पॅनल अधूनमधून कंपनीच्या सर्व्हरला फोन लावून विचारतंच की हे लायसन्स खरं आहे ना. डोमेन, आयपी, फोल्डर सगळं बांधलेलं असतं, सर्व्हर बदलला की लायसन्स रीइश्यू करून घ्या.

पण मग लीज चांगली का? तसंही नाही. माझं म्हणणं असं आहे की ओन्ड की लीज्ड हा प्रश्न आता मागे पडलाय, खरा प्रश्न भाडं कशावर मोजतात हा आहे.

सीपॅनलचं, म्हणजे सर्व्हर सांभाळायच्या कंट्रोल पॅनलचं, बघा. २०१८ मध्ये ओकली कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने ती कंपनी घेतली, आणि जून २०१९ मध्ये जाहीर झालं की आता सर्व्हरमागे ठरलेलं भाडं नाही, सर्व्हरवर किती अकाउंट्स आहेत त्यावर दर. लीज आधीही होतीच, लोक महिन्यामहिन्याला निमूट भरतच होते, चिडले ते मीटर बदलला म्हणून. ज्यांनी एका मोठ्या सर्व्हरवर शेकडो छोटी अकाउंट्स बसवली होती त्यांचं सगळं गणितच उलटं झालं. सीपॅनल ज्या वेबप्रोज ग्रुपमध्ये आहे त्यातच आता डब्ल्यूएचएमसीएसही आहे, तिथेही ओन्डची विक्री बंद होऊन अ‍ॅक्टिव्ह क्लायंटच्या संख्येवर टप्पे आले.

क्लायंट मोजून पैसे घेणं ऐकायला न्याय्य वाटतं, मोठ्याने जास्त द्यावं, छोट्याने कमी. पण क्लायंट आणि क्लायंट सारखे नसतात हो. एकाचा डेडिकेटेड सर्व्हर आहे, महिन्याला दोनशे डॉलर देतो, आणि दुसऱ्याचं फक्त एक डोमेन आहे, वर्षातून एकदा रिन्यू करतो, मीटरवर दोघं एक-एकच. समजा १००० क्लायंटच्या टप्प्याला महिना ४५ डॉलर, म्हणजे वर्षाचे ५४०, डोक्यामागे ५४ सेंट. डोमेनवर तुम्हाला वर्षाला एक डॉलर सुटत असेल तर अर्ध्याहून जास्त लायसन्समध्येच गेला, आणि पेमेंट गेटवेचं कमिशन अजून धरलेलंच नाही. टप्प्यांची दुसरी गंमत म्हणजे उडी. २५० पर्यंत २० डॉलर आणि पुढे ३० असं समजा, मग तो २५१ वा ग्राहक वर्षाला १२० डॉलरला पडतो, त्याने काय घेतलंय याच्याशी संबंध नाही. अशा वेळी लोक सेवा संपलेले क्लायंट इनअ‍ॅक्टिव्ह करत बसतात. डब्ल्यूएचएमसीएसमध्ये ते सेटिंगमधून आपोआप होतं, आधी ते चालू आहे का बघा, फुकटात टप्पा खाली येऊ शकतो.

पर्याय आहेत. ब्लेस्टा नावाच्या बिलिंग पॅनलने ओन्ड आणि मंथली दोन्ही विकलं, आणि त्यांचा बराचसा कोड एनकोड न केलेला असतो, मला ही गोष्ट ओन्डपेक्षाही मोठी वाटते. २०२२ मध्ये बॉक्सबिलिंगमधून फुटून निघालेलं फॉसबिलिंग ओपन सोर्स आहे, तिथे लायसन्सचा खर्चच नाही, पण तुमच्या रजिस्ट्रारचं मॉड्यूल नसेल तर ते लिहायला माणूस लागतो आणि तो फुकट येत नाही.

मी स्वतः आज नवीन सुरू करत असतो तर लीज घेतली असती, तीही महिन्याची, वर्षाची सवलत दाखवली तरी निदान पहिले काही महिने नाहीच. पण त्याच दिवशी बाहेर पडायचा रस्ता पण बघून ठेवला असता. ग्राहक, इन्व्हॉइस, तिकीट हे सगळं डेटाबेसमधून काढता येतं, वैताग आहे पण येतं. अडतं ते कार्डपाशी. कार्डची माहिती गेटवेकडे टोकन (खऱ्या नंबरऐवजीचा कोड) म्हणून असेल तर ती टोकन्स नव्या पॅनलमध्ये नेता येतात का हे गेटवेला आधीच विचारायचं. आणि ती तुमच्याच डेटाबेसमध्ये एनक्रिप्ट करून ठेवलेली असेल तर डब्ल्यूएचएमसीएसच्या कॉन्फिगरेशन फाइलमधला एनक्रिप्शन हॅश (ती माहिती उलगडायची किल्ली) वेगळा जपून ठेवायचा, कारण नुसता डेटाबेसचा बॅकअप असून भागत नाही, तो हॅश गेला की कार्डांचा रकाना वाचता येत नाही आणि एकेका ग्राहकाला परत कार्ड टाकायला सांगावं लागतं, त्यातले किती टाकतील ते तुम्हीच ठरवा.