जामीन राहिलेली आल्व्हा

मी फोर्टमध्ये फौजदारी वकिली करते. अशील बहुतेक बायका, हातावर पोट असलेल्या. युक्तिवादापेक्षा मला घाम फुटतो तो जामीनदार शोधताना. कोर्ट पंधरा हजारांचा जामीन मंजूर करतं, बाई मात्र आतच राहते. रेशनकार्ड आणि पगाराची स्लिप घेऊन कोर्टात उभं राहायला कोणी येत नाही. एकीचा सख्खा भाऊ मला म्हणाला, "मॅडम, पैसे सांगा, देतो. सही तेवढी मागू नका."

म्हणून आल्व्हा बेल्मॉंट या बाईबद्दल मला मनापासून आदर आहे.

जन्म १८५३, अलाबामातला. पहिला नवरा व्हँडरबिल्ट, म्हणजे अमेरिकन रेल्वेचा पैसा. न्यूपोर्टला नुसत्या संगमरवराचा महाल. १८९५ मध्ये तिने घटस्फोट घेतला, तोही अशा घराण्यातून. दुसरा नवरा बेल्मॉंट १९०८ मध्ये वारला आणि त्यानंतर ती बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीत उतरली.

नोव्हेंबर १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्लाऊज शिवणाऱ्या कारखान्यांतल्या वीस हजारांवर कामगारांनी संप केला. बहुतेक कोवळ्या मुली, ज्यू आणि इटालियन घरांतल्या. कारखान्याच्या दारात निदर्शनं करणाऱ्यांना पोलीस उचलायचे आणि रात्रीच्या कोर्टात उभं करायचे. डिसेंबरातल्या एका रात्री आल्व्हा त्या जेफरसन मार्केट कोर्टात जाऊन बसली. पहाटे तीनपर्यंत बसून होती. चार मुलींचा मिळून आठशे डॉलरचा जामीन हवा होता. तिने मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरचं आपलं घर पुढे केलं. घराची तेवढी किंमत आहे का, असं मॅजिस्ट्रेटने विचारलं. ती म्हणाली, चार लाख डॉलर. त्यावर लाखभराचा बोजा असेल, तोही या संपासाठी आणि मताधिकारासाठीच काढलेला.

किंमत विचारली असताना बोजाही सांगून टाकणारा जामीनदार मला अजून भेटायचाय.

संपातल्या काही कार्यकर्त्यांना या श्रीमंत बायकांचा पुळका खटकत होता. ते मला समजतं. मी लालबागच्या चाळीत वाढले. १९८२ च्या गिरणी संपात गावाहून तांदूळ यायचा, वाणी उधारी द्यायचा. पण पकडलेल्या माणसाला जामीन राहायचं म्हटलं तर आमच्या अख्ख्या मजल्यावर कोणाच्या नावावर काही नव्हतंच. अशा वेळी घराचे कागद घेऊन येणाऱ्या माणसाची जात, वर्ग, हेतू मी तरी विचारला नसता.

आता तिची दुसरी बाजू. तिची स्वतःची मुलगी कॉन्स्वेलो अठरा वर्षांची होती, तिचं मन दुसऱ्यावर होतं. आल्व्हाने तिला धाकात ठेवून १८९५ मध्ये मार्लबरोच्या ड्यूकशी लग्नाला उभं केलं. परक्यांच्या चार पोरींसाठी रात्र जागवणाऱ्या बाईने हे केलं, याचा मला अजून राग येतो.

पुढे चर्चच्या न्यायालयात ते लग्न रद्द करायची वेळ आली. सत्तरी ओलांडलेल्या आल्व्हाने साक्ष दिली की लग्न मी लादलं, मुलीची इच्छा नव्हती. १९२६ मध्ये लग्न रद्दबातल ठरलं. आईने स्वतःच्या विरोधात दिलेली अशी साक्ष मी माझ्या वकिलीत एकदाही ऐकलेली नाही.