बारावी सायन्स आणि तीन हजार मीटर

बारावीला असताना मी तीन हजार मीटर पळायचे. "अभ्यासाला वेळ कधी मिळतो गं?" हे साताऱ्यात मला भेटेल तो विचारायचा. वेळेचं काही अडलं नव्हतं. पहाटे शाहू स्टेडियम, आठवड्यातून एकदा यवतेश्वरचा घाट, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड. रात्रीचे दोन-अडीच तास नेमाने बसलं की बारावी होते. मी अडले ती रक्तात आणि कागदांत.

पावसाळ्यात पुस्तक उघडलं की डोळे मिटायला लागले. आई म्हणायची, "एवढं पळतीस, मग झोप येणारच की." आमच्या कोच सरांना वाटायचं मी रात्री मोबाईल बघते. घाटात ज्या वळणापर्यंत गप्पा मारत जायचे तिथेच धाप लागायला लागली, तेव्हा सरांनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन कमी, साडेनऊ, आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तर तळालाच. लांब पल्ल्याच्या मुलींमध्ये हे नेहमीचं आहे. पाळीत लोह जातं, घामातून थोडं जातं, पाय सतत आपटून रक्तपेशी फुटतात, आणि वर जेवण झालं की लगेच चहा, जो अन्नातलं लोह नीट अंगी लागू देत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितल्या आणि जेवणावरचा चहा तोडला. दिवाळीपर्यंत मी माणसात आले. ऑरगॅनिक केमिस्ट्रीसुद्धा डोक्यात शिरायला लागली. सीझनआधी शाळा-कॉलेजच्या टीममधल्या मुलींचं रक्त तपासायला कितीसा खर्च येतो? पण स्पाइक्सचे, म्हणजे पळायच्या खिळ्यांच्या बुटांचे, पैसे निघतात, याचे निघत नाहीत.

आता कागद. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशा चढत जातात. जी तालुक्याला हरते ती पावसाळा संपायच्या आत मोकळी होते आणि अभ्यासाला लागते. जी जिंकत जाते तिची राष्ट्रीय स्पर्धा बरोबर प्रिलिम आणि प्रॅक्टिकलच्या तोंडावर येते. माझं तेच झालं. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी मी परराज्यात असणार होते. ऑफिसातल्या क्लार्कनी हात वर केले, "असं काही नसतं." केमिस्ट्रीच्या मॅडमना मात्र ठाऊक होतं, की बोर्डाची 'आऊट ऑफ टर्न' प्रॅक्टिकल असते, लेखी पेपर संपल्यावर. निवडीचं पत्र, क्रीडा कार्यालयाचं पत्र आणि प्राचार्यांमार्फत अर्ज, हे सगळं जायच्या आधी देऊन ठेवलं. पेपर संपल्यावर रिकाम्या लॅबमध्ये आम्ही मोजकीच मुलं होतो, त्यातला एक काविळीतून उठलेला. परमँगनेटचा शेवटचा थेंब पडून फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत माझा हात थरथरत होता. स्टार्ट लाइनवर इतका कधी थरथरला नाही.

खेळाडूंना बारावीच्या निकालात मिळणारे सवलतीचे गुण हे वेगळंच प्रकरण. जास्तीत जास्त 25 मिळतात, स्पर्धेच्या पातळीवर ठरतात. प्रस्ताव कॉलेजकडून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे आणि तिथून बोर्डाकडे. माझ्या राज्याच्या प्रमाणपत्रावर आडनावाचं स्पेलिंग चुकवून दिलेलं, ते दुरुस्त करून आणण्यात पप्पांच्या रजा गेल्या. तेव्हा प्रमाणपत्र हातात पडलं की ग्राउंड सोडायच्या आधी मार्कशीटवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. आणि कौतुकाने लॅमिनेट करू नका, त्यावर पुढे शिक्का उमटत नाही.

आणखी एक, जे आम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं: इंजिनिअरिंगला माझ्या वेळी मेरिट सीईटीवर लागायचं, बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते. म्हणजे माझ्या इंजिनिअरिंगवाल्या मैत्रिणीला या गुणांचा काडीचा उपयोग झाला नाही. मी बीएस्सीला गेले, तिथे झाला.

घरात पाहुणे आले की ललिता बाबरचं नाव निघतंच. माण तालुक्यातली मोही, 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, फायनल, पुढे उपजिल्हाधिकारी. ऐकायला बरं वाटतं, पण ऑलिंपिक फायनल गाठणारी एखादीच. पप्पांचा हिशेब जास्त जमिनीवरचा आहे: सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण. त्यासाठी आधी प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते, आणि कुठल्या पदाला कुठल्या पातळीचं प्रमाणपत्र चालतं तेही ठरलेलं आहे.

राष्ट्रीयला मला पदक मिळालं नाही. तरी सहभागाचं प्रमाणपत्र आहे, आणि या वेळी आडनाव बरोबर आहे. पडताळणीचा अर्ज गेल्या महिन्यात दिलाय. सध्या सेमिस्टरची तारीख आणि विद्यापीठाच्या क्रॉसकंट्रीची तारीख एकाच आठवड्यात आलीय, तर उद्या पुन्हा प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसायचंय.